नंबर कोणाच्या नावावर

"आजी, हा नंबर तुमचा नाही," काउंटरवरची पोरगी म्हणाली, आणि मला हसू आलं. माझा नाही तर कोणाचा, तुझ्या बापाचा का, हे अगदी ओठावर आलं होतं. पण पोरगी मघापासून माझ्याशी नीट बोलत होती, म्हणून गिळलं. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर नाव छापलेलं होतं, निखत. मी चौथी शिकलेली बाई, अक्षर अक्षर जुळवून वाचते, पण वाचते. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पाहा, रागिणी अनुप इंगोले. तुमच्या कोण लागतात?" मागे रांगेत कोणीतरी खाकरलं. दुकानात सोडलेली थंड हवा एकदम मानेवरून पदराच्या आत उतरली. काचेबाहेर अमरावतीच्या राजकमल चौकातली दुपार भाजत होती, ऑटोवाले गिऱ्हाइकं ओढत होते, आणि मी आत उभी राहून त्या एका ओळीकडे पाहत होते. "सून," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं. अकरा वर्षांत त्या पोरीसाठी मी तो शब्द वापरला नव्हता. "मग तर सोपंच आहे," निखत म्हणाली. "त्यांना घेऊन या, दोघींचं आधार आणा, दोघींचे अंगठे लागतील. आमच्या कंपनीच्या कोणत्याही दुकानात होते. नंबर तुमच्या नावावर झाला की पाहिजे त्या कंपनीत न्या, आम्ही कोण अडवणारे?"

घेऊन या म्हणे. मी थैली उचलली आणि बाहेर आले. ऑटोत बसले तरी माझं डोकं त्या दोन शब्दांवरच घुटमळत होतं. खरं तर मी काही भांडायला गेले नव्हते. गेले होते एवढ्यासाठीच की माझ्या पोराने, अनुपने, नव्या वसाहतीत, ले-आउटमधे, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्या फ्लॅटमधे माझ्या कंपनीची रेंज येत नाही. आत फोन मेल्यासारखा पडून राहतो. बोलायचं तर दोन जिने चढून गच्चीवर जायचं, तिथे टाकीच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, आणि गुडघा ठणकत असताना दर्यापूरच्या एखाद्या बाईला ओरडून सांगायचं की पोरगा निर्व्यसनी आहे. सगळा ले-आउट ऐकतो. अनुपचं म्हणणं, "माय, सोड ना तो नंबर. मी तुले माया प्लॅनमधे नवा घेऊन देतो. माया जुना टचवाला फोन घे. तुले काय कराचं आहे एवढे फोन घेऊन?" काय कराचं आहे! मी त्र्याहत्तर लग्नं जमवलेली बाई. नांदगाव खंडेश्वरपासून बाळापूरपर्यंत ज्या घरात उपवर पोरगी आहे त्या घरात भिंतीवर, कॅलेंडरवर, डब्याच्या झाकणावर माझा नंबर लिहिलेला आहे. पार्बताबाई इंगोले म्हटलं की लोकांना माझा चेहरा आठवत नाही, शेवटचे चार आकडे आठवतात. आणि अनुपला ते आवडत नाही. तो आता मोठ्या शाळेत मास्तर आहे, त्याचे सोबती विचारतात म्हणे, तुझी आई मॅरेज ब्युरो चालवते का? त्याला बोलायला तोंड नाही, म्हणून तो प्लॅन बोलतो. शिवाय त्याला आणखी एक गोष्ट खुपते, ती तो बोलत नाही आणि मीही बोलत नाही. त्र्याहत्तर लग्नं जमवणाऱ्या बाईचा एकुलता एक पोरगा बेचाळीसचा होऊन घरात एकटा बसला आहे. मी आणलेली स्थळं तो बायोडाटा न उघडता परत करतो. पहिल्या पहिल्यांदा मी भांडले. मग सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे, दुसऱ्यांची जमवत राहिले.

म्हणून मी ठरवलं होतं की नंबर हाच ठेवायचा, कंपनी बदलायची, आणि फोन माझ्या पसंतीचा घ्यायचा. फोन तर निखतने दाखवला त्यातला मी अर्ध्या तासात पसंत केलाही होता. आधी बटनांचाच पाहिजे म्हणून हटून बसले होते. पण आता स्थळं काही माणसांच्या तोंडून येत नाहीत, फोटो येतात, पत्रिका येते, त्यासाठी टचवालाच लागतो. मग मी तिला तीन गोष्टी विचारल्या. अक्षर किती मोठं होतं, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो का, आणि हातातून पडला तर काय. ती पोरगी हसून म्हणाली, "आजी, इतकी चौकशी लोक जावयाचीसुद्धा करत नाहीत." मी म्हटलं, "म्हणून तं मग माह्याकडे रडत येतात." तेव्हा किती बरं वाटत होतं. दहा मिनिटांनी तिने ती ओळ दाखवली.

ती ओळ कशी झाली ते मला आठवायला वेळ लागला नाही. तेव्हा आम्ही अंबागेटच्या आतल्या भाड्याच्या घरात होतो, अनुपच्या लग्नाला चार महिने झाले होते, आणि यांनी म्हणजे जानरावांनी मला पहिला फोन घेऊन दिला. कार्ड घ्यायला आम्ही तिघं गेलो, मी, हे आणि रागिणी. दुकानदाराने माझं मतदान कार्ड पाहिलं आणि परत केलं. त्या कार्डावर नाव माझं आणि फोटो कोण जाणे कोणत्या बाईचा होता. नाकात नथ, कपाळावर हे एवढं कुंकू. मी दोन निवडणुका त्याच कार्डावर मत टाकलं होतं, कोणी बोललं नव्हतं, पण मोबाइलवाला बोलला. हे स्वतःचं कार्ड घरीच विसरून आले होते. मला तर इतका राग आला की म्हटलं जाऊ द्या, नको फोन. तेव्हा रागिणीने पर्समधून आपलं कार्ड काढलं. "माझ्यावर घ्या ना आई, त्यात काय." नवं कार्ड होतं, लग्नानंतर नाव बदलून आणलेलं. दुकानदाराने त्याची झेरॉक्स काढली, तिची सही घेतली. येताना तिने मला रस्त्यातच फोन लावायला शिकवलं, हिरवं बटन, लाल बटन. तिच्या हाताला स्पिरिटचा वास यायचा. ती लॅबचा कोर्स केलेली पोरगी, रक्त तपासायचा, आणि तिला नोकरी करायची होती. मी म्हटलं होतं, इंगोल्यांच्या सुना लोकांचं रक्त काढत फिरत नाहीत. एकदाच नाही म्हटलं, रोज म्हटलं. पोळी करपली तरी म्हटलं आणि पोळी चांगली झाली तरी म्हटलं.

ऑटो पंचवटीच्या वळणावर थांबला आणि मी थैलीतून फोन काढला. रस्त्यावर रेंज भरपूर. यादीत 'रागिणी अकोला' अजून आहे, मी काही पुसलं नव्हतं, पुसायला येतही नाही मला. बोट त्या नावावर ठेवलं. दाबायचं एवढंच होतं. आणि मला तिकडची रिंग ऐकू यायला लागली, न दाबताच. एखाद्या टेबलावर फोन वाजतोय, ती नाव पाहते, आणि हात पुसत राहते. उचलत नाही. आपण लावायचा आणि तिकडच्या माणसाने पाहत राहायचं, ते कसं असतं हे मी आजवर फक्त एकाच बाजूने पाहिलं होतं. फोन थैलीत टाकला. ठरवलं, फोन करायचा नाही, जायचं. मंगळवारी जायचं. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. "काही म्हटलं का मावशी?" "तुले नाई म्हटलं, तू समोर पाह्य."

आमच्याकडे रीत अशी की सून माहेरी गेली की ती आपल्या पायाने परत येत नाही. सासरचं कोणीतरी न्यायला जातं. दीर जातो, सासरा जातो, नवरा जातो. न्यायला गेलेल्याला चहापाणी होतं, सुनेची ओटी भरतात, मग ती निघते. माहेरचे तिला आणून सोडत नाहीत. आणून सोडली तर म्हणतात पोरगी जड झाली होती. पहिल्या दिवाळीला रागिणी अकोल्याला गेली तेव्हा आम्ही घरात असं ठरवलं, की तिचं मन भरलं, निघायची तयारी झाली, की तिने माझ्या फोनवर मिस कॉल द्यायचा. तेव्हा बोलण्याला पैसे पडत, सगळं गाव मिस कॉलवरच चालत होतं. तिचा मिस कॉल आला की यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडायची. दोन दिवाळ्या, एक आषाढातला अखाडीचा सण, एक तिच्या आईचं ऑपरेशन, चारही वेळा असंच झालं. एक रिंग वाजून बंद व्हायची आणि मी आतूनच ओरडायची, "अहो, सून बोलावून राहिली, पिशवी काढा." म्हणजे त्या रिंगचा अर्थ काय, हे मला कोणी सांगायला नको होतं.

पाचव्या वेळेला ती भावाच्या लग्नाला गेली. जायच्या आदल्या दिवशी नोकरीवरून पुन्हा झालं. ती म्हणाली, "आई, मी आल्यावर अर्ज देणार आहे, ह्यांनी हो म्हटलं आहे." हे म्हणजे अनुप. मला न विचारता हो म्हटलं होतं. अनुप तेव्हा मेळघाटात धारणीच्या पलीकडे शाळेवर होता, तिथे कोणत्याच कंपनीची रेंज नव्हती. दर रविवारी तो परतवाड्याला उतरायचा आणि तिथून मला फोन करायचा. बायको माहेरी असली की नवऱ्याने तिकडे थेट फोन लावायचा नाही, तिची खबर आईकडूनच घ्यायची, हीही आमची रीतच. लग्न झालं, पाच दिवस गेले, आणि मिस कॉल आला. दुपारी चार वाजता. मी परातीत ज्वारी पाखडत होते. फोन एकदा वाजला आणि थांबला. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं, "कोणाचा व?" आणि मी म्हटलं, "कंपनीवाल्याचा." इतकं सहज निघालं ते. मला काय पाहिजे होतं? एवढंच, की तिने पूर्ण फोन करावा, म्हणावं आई चुकलं, नाही करत नोकरी. एक दिवस, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी चार वाजता वाजला. तिसऱ्या दिवशी वाजला. मी ज्वारी पाखडायची वेळ बदलली, तरी चार वाजता मी फोनपाशीच असायची. रविवारी अनुपने विचारलं, "माय, रागिणीचा फोन आला का?" मी म्हटलं, "नाई." मिस कॉलला कोणी फोन म्हणतं का? मनाशी मी असंच म्हटलं. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता, जरा कडक, माझ्यासारखा. "येतच नसन तं राहू दे," तो म्हणाला. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी चार वाजले, सव्वाचार वाजले, फोन वाजला नाही. मी बॅटरी काढून पुन्हा बसवली. नाहीच वाजला. मग तिच्या काकाकडून निरोप, मग अनुपचा ताठा, मग त्यांचा ताठा, मग दोन वर्षांनी कोर्टातला कागद. सगळ्यांना वाटलं की दुसऱ्याने सोडलं. ते खोटं मी कोणाला सांगितलं नव्हतं, नुसतं खरं सांगितलं नव्हतं.

मंगळवारी अनुपला म्हटलं मूर्तिजापूरला एक स्थळ पाहून येते, आणि अकोल्याच्या बसमधे बसले. लॅब शोधायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. माझा धंदाच असा आहे की कोण कुठे आहे ते आपोआप कळत राहतं. मोर्णेच्या पुलावरून जुन्या शहरात उतरलं, की तेलाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. तिचं दुसरं लग्न झालं हेही मला ठाऊक होतं, नवरा वीज मंडळात, एक पोरगी, तिसरीत. बाकावर बाह्या वर केलेली माणसं बसली होती, मीही त्यांच्यात बसले. आतला पडदा सरकला आणि ती पुढचं नाव पुकारायला बाहेर आली. अंगाने भरली होती, चष्मा आला होता. तिने मला पाहिलं. मी पाहिलं की तिने पाहिलं. "रिपोर्ट घ्याचा आहे का?" तिने विचारलं. ना आई, ना बाई, काहीच म्हटलं नाही. "नाई. तुयासंग काम आहे." ती हातातल्या चिठ्ठीकडे पाहत राहिली. "पाच पेशंट आहेत. बसा," म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं. मी तास-सव्वा तास बसले. आतून तिचा आवाज येत होता, मूठ आवळा, सोडा, झालं, दाबून धरा. एक पोरगं रडायला लागलं तर त्याला म्हणाली, "अरे, मच्छर इतकं घेते, मी तं थोडंसंच घेऊन राहिली." पोरगं हसलं. हे मी होऊ दिलं नव्हतं. तिने ते माझ्याशिवाय करून घेतलं होतं.

जिना उतरताना मी काम सांगितलं. आडवळण घेतलं नाही. नंबर तुझ्या नावावर आहे, तो मला माझ्या नावावर पाहिजे, दोघींचा अंगठा लागतो. मला वाटलं होतं ती चमकेल. ती म्हणाली, "मले माईत आहे. पैलेपासून माईत आहे. दुसरा नंबर म्हणून मायाच लिहिला होता तेव्हा, कंपनीचे मेसेज मलेच येतात. तुमचा रिचार्ज संपला की मले कळते."

मी जिन्यातच थांबले. "मंग बंद काहून नाई केला इतके वर्ष? एका फोनचं काम होतं."

"बंद केला असता तं तुमी सगळ्या वऱ्हाडात सांगितलं असतं, पाहा, पोट्टीनं सूड काढला. मले तुमच्या तोंडी नव्हतं राहाचं." ती पुढे निघाली. "चला, तीन वाजता मले परत याचं आहे."

मला रागही आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. टिळक रोडवरच्या कंपनीच्या दुकानापर्यंत आम्ही पायी गेलो. ती माझ्या गुडघ्याकडे पाहून हळू चालत होती, पण हात दिला नाही. मी मागितलाही नसता. दुकानात टोकन मिळालं, समोर चार जण होते. आम्ही दोन खुर्च्यांवर शेजारी बसलो. टोकन देतानाच चष्मेवाल्या काउंटरवाल्याने काम विचारून आमचे दोन्ही आधार ठेवून घेतले होते. मनात मी पुढची कामं मांडत होते, नाव झालं की कंपनी बदलायची, निखतकडून तो पसंत केलेला फोन घ्यायचा, अनुपसमोर ठेवायचा. आणि रागिणीने टोकनाच्या कागदाची सुरळी करत, माझ्याकडे न पाहता विचारलं, "एक इचारू? खरं सांगसान?"

"इचार."

"मी मिस कॉल देत होती तेव्हा... अनुपले माईत होतं का?"

दुकानात टीव्ही लागला होता, त्यात एक बाई फोन कानाला लावून नाचत होती, आवाज बंद होता. मला सगळं एकदम दिसलं. हिने अकरा वर्षं मला दोषी धरलंच नव्हतं. हिला वाटत होतं की माझ्याकडून निरोप गेला, अनुपला कळलं, आणि अनुपने न्यायला यायचं नाही असं ठरवलं. त्यावर हिने पुढचं सगळं बांधलं होतं, दुसरा नवरा, पोरगी, चष्मा. मला नुसतं हो म्हणायचं होतं. हो, माईत होतं. दोन शब्द. ती मान हलवणार, अंगठा टेकवणार, नंबर माझा. कोणाचं काय बिघडत होतं? झालं ते होऊन गेलं होतं. आणि खोटं मला नवं नव्हतं. मी काळ्या पोरीला निमगोरी म्हटलं आहे, चार एकराचे सात एकर केले आहेत, पत्रिकेतला मंगळ माझ्यासमोर गुरुजींनी हलवला तेव्हा दुसरीकडे पाहिलं आहे. त्र्याहत्तर लग्नं काही सत्याने जुळत नाहीत. जीभ उचललीही होती. पण ते खोटं मला माझ्या पोरावर टाकावं लागणार होतं. मी अनुपशी खोटं बोलले होते, रविवारी रविवारी बोलले होते. अनुपवर कधी बोलले नव्हते. तो जगाच्या नजरेत एकटा राहिलेला मास्तर आहे, आळशी असेल, हेकट असेल, पण बायको न्यायला बोलावत असताना ऐकून बसून राहणारा नाही. या एका बाईच्या मनात तो अकरा वर्षं तसा होता, आणि मी त्यावर आता शिक्का मारायचा, एका नंबरसाठी. नाही. माझ्या पोराला नावं ठेवायची तर मी ठेवीन. कोणाच्या मनात तो त्याने न केलेल्या गोष्टीसाठी पडून राहणार नाही.

"नाई," मी म्हटलं. "त्याले काईच माईत नव्हतं. फोन माह्यापाशी होता. तो दर रविवारी इचारे, रागिणीचा फोन आला का म्हणून. मी नाई म्हणो. तुया सासऱ्यालेही सांगितलं नाई. मी एकटीनं केलं."

तिने कागदाची सुरळी थांबवली. मग म्हणाली, "वीसेक दिवस दिले असतीन मी."

"बावीस."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं. रडेल असं वाटलं, रडली नाही. आमचा आकडा लागला. ती उठली, काउंटरपाशी गेली, मीही मागे गेले. काउंटरवाल्याने अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं. "आधी कोण, ताई? जुन्या मालक आधी."

"नाव नाई बदलाचं," रागिणी म्हणाली. "नंबर बंद करा."

"बंद म्हणजे? मघा तर ट्रान्सफर म्हटलं."

"मघा म्हटलं. आता बंद म्हणून राहिली. माया नावावर आहे ना?"

"आहे. पण एकदा बंद केला तर परत मिळणार नाही, आधीच सांगतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आजी?"

मी काय म्हणणार? पाया पडणार? मला त्या क्षणी तिचा राग आला नाही, खरं सांगते. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि दुकानात आवाज चढवून केलं असतं. "तिचा आहे," मी म्हटलं. "तिले इचार."

रागिणीचा अंगठा यंत्राच्या वर गेला आणि थांबला. "थांबा. यांचे नंबर कोठी आहेत? सगळ्यांचे, स्थळाचे?" काउंटरवाल्याने माझा फोन पाहिला. "सिममधेच आहेत सगळे. सिम गेलं की गेले." मला हे ठाऊकच नव्हतं, तीनशे-साडेतीनशे घरं त्या नखाएवढ्या तुकड्यात होती. "मग आधी ते फोनमधे उतरवून द्या," ती म्हणाली. "एकही सुटला नाई पाहिजे. मंग बंद करा." तो उतरवत होता तोवर आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिने घड्याळ पाहिलं. मग अंगठा टेकवला, यंत्र एकदा वाजलं, आणि फोनवरच्या रेंजच्या दांड्या पुसून गेल्या. तिने पर्स उचलली. "जाते मी," म्हणाली. येते म्हणाली नाही. दारापाशी जाऊन वळली, मला वाटलं काही म्हणेल. ती फक्त रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाली, "बसस्टँडचा ऑटो तिकडून भेटते. इकडून उलटा जाते."

मी ऑटो केला नाही. गुडघा म्हणत होता बस, मी म्हटलं चाल. समोरच्याच रांगेत दुसऱ्या कंपनीचं दुकान होतं. कोणती कंपनी कुठे लागते हे मला कोणाच्या जाहिरातीने सांगायला नको, तीनशे घरांशी बोलते मी. आमच्या ले-आउटमधे आतल्या खोलीत लागते ती हीच, नांदगावच्या बायाही हीच वापरतात. आत गेले आणि म्हटलं, नवं कार्ड पाहिजे, माझ्या नावावर. तिथल्या माणसाने नंबरांची यादी समोर धरली. एक नंबर दाखवून म्हणाला, आजी हा घ्या, लकी आहे, जरा जास्त लागतील. मी म्हटलं, लकीचं मले काई सांगू नोको, पाठ होईल असा दे. माझा फोटो काढला. पडद्यावर नाव आलं ते मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं, पार्बता जानराव इंगोले, आणि खाली तारीख, आणि फोटो माझाच. पाठीमागचा माणूस घाई करत होता, मी दुसऱ्यांदा वाचलं. "तासाभरात चालू होईल," तो म्हणाला.

बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती, ती मी जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली. घरी जाऊन समोर बसून सांगता आलं असतं, पण मी मला ओळखते. अडीच तास बसमधे बसले असते तर बोरगाव मंजूला म्हटलं असतं उद्या सांगू, मूर्तिजापूरला म्हटलं असतं दिवाळीनंतर सांगू, आणि बडनेऱ्यापर्यंत काही सांगायचं उरलंच नसतं. बाकावर बसून मी फोन तळहातावर धरून ठेवला. शेजारची बाई शेंगा खात होती, तिने दोन शेंगा पुढे केल्या, मी नको म्हटलं. उद्यापासून साडेतीनशे घरांना एकेक फोन करून नवा नंबर सांगावा लागणार होता. निम्मे तरी विचारतील की जुना काय झाला. सांगीन. जे झालं ते सांगीन, लाज वाटायची ती मला वाटेल. पण पहिला फोन त्यांचा नाही. दांड्या एकेक करून वर आल्या. अनुपचा नंबर मला पाठ आहे, मी यादीत शोधला नाही, आकडे दाबले. चार रिंगा गेल्या, पाच गेल्या.

"हॅलो, कोण?"

"मी. तुयी माय. हा माया नंबर आहे, माया नावावर."

"माय? अवं, कोठी आहेस तू? जुना फोन बंद सांगून राहिला, मी केव्हाचा लावून राहिलो. मूर्तिजापूरच्या लोकायले फोन केला, ते म्हणतात आल्याच नाई..."

"मी अकोल्याले आहो. रागिणीले भेटली."

तिकडे शाळेची पोरं ओरडत होती, मधली सुट्टी असावी. मग दार लावल्याचा आवाज आला आणि पोरांचा आवाज बारीक झाला.

"अनुप, मधात बोलू नोको. तू मेळघाटात होता तेव्हा दर रविवारी मले इचारे, रागिणीचा फोन आला का म्हणून. अन् मी नाई म्हणो."

"मंग?"

"येत होता," मी म्हटलं. "रोज येत होता."